बातमी कोणत्या पानावर?



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो रोज पहाटे आपल्या उंबरठ्यावर येऊन पडतो, दुपारी कोणाच्या तरी डब्याखाली अंथरला जातो आणि महिनाअखेर रद्दीवाल्याच्या तागडीत जातो. वृत्तपत्र हा तो इतिहास. वृत्तपत्रांच्या मतांचा इतिहास विद्वानांनी लिहिला आहे आणि तो माझ्यासारख्या गेटसभेत शिकलेल्या माणसाने पुन्हा सांगावा असे नाही. मला बोलायचे आहे ते पानांच्या वाटणीविषयी. कोणता मजकूर कोठे बसवला, कोणाच्या शेजारी बसवला आणि एका रकान्यात शिरलेल्या वाचकाला हात धरून दुसऱ्या रकान्यात कसे नेले, हा माझा विषय आहे. विषय दिसायला लहान आहे. पण ज्यांच्या बातम्या नेहमी मागच्या पानाच्या कोपऱ्यात जातात, त्यांना तो लहान वाटत नाही.

वृत्तपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा माणूस क्वचितच भेटतो. कोणी कांद्याचा भाव पाहायला अंक उघडतो, कोणी क्रिकेटचा धावफलक, कोणी नोकरीच्या छोट्या जाहिराती, तर म्हातारी माणसे निधनवार्ता. प्रत्येकजण आपापल्या दाराने आत येतो. संपादकाला हे ठाऊक असते. म्हणून तो पहिल्या पानावर 'आतील पानांत' अशी चौकट टाकतो, बातमी अर्धी तोडून 'पान ५ वर' म्हणून सांगतो, कादंबरीचे प्रकरण ऐन रंगात आले की 'क्रमशः' लिहून थांबतो. यात गैर काही नाही. वाणीसुद्धा दुकानाच्या तोंडाशी केळ्यांचा घड टांगतो. प्रश्न एवढाच की घड पाहून आत आलेल्या गिऱ्हाइकाला पुढे काय विकले जाते, आणि आपण विकत घेत आहोत हे त्याला कळते की नाही.

मराठी वृत्तपत्राचा आरंभच एका वाटणीने झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा पानाचे दोन भाग केले होते. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. ही केवळ छपाईची सोय नव्हती. इंग्रजी रकाना राज्यकर्त्यांना सांगत होता की या देशातले लोक काय विचार करतात, आणि मराठी रकाना लोकांना सांगत होता की जगात काय चालले आहे. त्या काळी मराठी छापील पत्र विकत घेऊन वाचणारे थोडेच असणार. तरीही बाळशास्त्र्यांनी मराठीला इंग्रजीच्या बरोबरीने जागा दिली. एका पानावर दोन भाषांनी मांडीला मांडी लावून बसणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मजकुराआधी जागा बोलते, हे तेथे प्रथम दिसले.

पुढे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात १८४८ सालापासून 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. आपल्या समाजाचे दोष त्यांनी अग्रलेखाच्या व्यासपीठावरून नव्हे, तर पत्राच्या रूपाने दाखवले. पत्र हा घरगुती प्रकार आहे. पत्र वाचताना माणूस सावध नसतो. कोणीतरी आपल्याशी बोलत आहे एवढेच त्याला वाटते. जे व्याख्यान म्हणून कोणी ऐकून घेतले नसते, ते पत्र म्हणून शंभर वेळा ऐकून घेतले गेले.

४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' निघाला. रस्त्यावर रात्री दिवे असले आणि पोलिसांची गस्त फिरत असली म्हणजे जो उपयोग होतो, तोच उपयोग वृत्तपत्राचा, असे त्याच्या चालकांनी सांगितले होते. या पत्रात अग्रलेख हा घराचा देव्हारा होता. बाकी खोल्या त्याच्याभोवती. आगरकर त्याचे पहिले संपादक. परंतु सामाजिक सुधारणेवरील त्यांची मते सर्व सहकाऱ्यांना मान्य नव्हती. तेव्हा खुद्द संपादकाला आपले काही लेख 'लोकांपैकी एकाचे म्हणणे' अशा मथळ्याखाली छापावे लागले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. घरातला कर्ता पुरुष, पण एका विशिष्ट विषयावर बोलायचे झाले की त्याने ओसरीवर येऊन पाहुण्यासारखे बोलायचे. शब्द तेच, हात तोच; पण देव्हाऱ्यातून आलेला शब्द पत्राचा आणि ओसरीवरचा शब्द एका माणसाचा. आगरकरांना हे फार दिवस मानवले नाही. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढले. मराठी विचाराच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या फुटीची एक बाजू अशी रकान्याच्या जागेची होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

याच काळात दुसरी एक वाट हरिभाऊ आपट्यांनी शोधली. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले. नावच सांगते की दार कोणते. पण त्या दाराने आत आलेल्या वाचकाला 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने भेटली. विधवा मुलीचे केशवपन हा विषय निबंधात वाचणारे घरोघर नव्हते. पण पुढच्या अंकात यमूचे काय होणार, याची वाट पाहणारे घरोघर होते. गंमत म्हणून उघडलेले पान मनाला चटका लावून मिटत होते. एका विभागाने दुसऱ्या विभागाकडे वाचक पाठवणे हे धंद्याचे तंत्र खरे. हरिभाऊंनी ते समाजाच्या कामाला जुंपले. तंत्र वाईट नसते, ते कोणाच्या चाकरीला आहे हे पाहावे लागते.

आता माझ्या बिरादरीकडे येतो. वरील सगळ्या पत्रांत शेतकरी आणि मजूर हा विषय म्हणून अधूनमधून येत असे, वाचक म्हणून नव्हे. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' काढला. पुढे तो बंद पडला आणि १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत पुन्हा उभा केला. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून राहिलेले. भोंगा म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले, आणि त्यातून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. आठवड्याची सुट्टी ही त्यांची पहिली मागणी. ती १८९० सालच्या जून महिन्यात मान्य झाली. आज रविवारची पुरवणी चहाच्या कपाबरोबर वाचणाऱ्याने एकदा आठवावे की मुंबईच्या गिरणगावात हा रविवार एका मजुरांच्या पत्राच्या संपादकाने मिळवून दिला.

'दीनबंधू'ने केले काय? इतर पत्रांत जे कोपऱ्यात जात असे ते त्याने मध्यभागी आणले. कामाचे तास, दंड, पगाराचा उशीर हे तेथे 'किरकोळ वर्तमान' राहिले नाही. पण ही गोष्ट केवळ गौरवाने सांगून भागणार नाही. जोतिराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे आले नाहीत. जोतिरावांना त्याचा संताप आला आणि तो त्यांनी लपवलाही नाही. राजद्रोहाच्या भीतीची ती सावली असेल. छापखाना बुडाला तर पत्रच बुडते, हा चालकाचा हिशेबही असेल. सांगायचे एवढेच की आपल्या माणसाच्या हातात पत्र आले म्हणजे सर्व दारे उघडी झाली, असे होत नाही. तेथेही एक उंबरठा असतो आणि त्यावर कोणीतरी उभा असतो.

उंबरठ्याची सर्वांत कठोर गोष्ट १९२० सालची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले होते. या नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'ला केली गेली आणि ती नाकारली गेली. हे बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारता'त लिहून ठेवले आहे. जाहिरातीचा रकाना हा बाजार आहे, आणि बाजारात पैसा असला की जागा मिळते, असे आपण समजतो. येथे पैसा हातात असूनही जागा मिळाली नाही. म्हणजे अग्रलेखाला जशी जात असते तशी जाहिरातीच्या रकान्यालाही असू शकते. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली निघाले तेव्हा त्यातले बहुतेक रकाने बाबासाहेबांना एकहाती भरावे लागत. ज्याला दुसऱ्याच्या पत्रात चार ओळी मिळत नाहीत, त्याला सगळे पत्र स्वतः लिहावे लागते.

१ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात डॉ. ना. भि. परुळेकरांनी 'सकाळ' काढला, आणि घराची रचनाच पालटली. अमेरिकेत शिकून आलेल्या या गृहस्थाने ओळखले की सामान्य माणसाला प्रथम मत नको असते, माहिती हवी असते. आपल्या पेठेतले पाणी का आले नाही, नगरपालिकेत काय ठरले, बाजारात भाव काय आहे, हे त्याला सकाळी कळले पाहिजे. परुळेकरांनी बातमीला अग्रस्थान दिले, गावोगावी बातमीदार नेमले आणि देव्हाऱ्याऐवजी ओसरी मोठी केली. जुन्या मंडळींना हे उथळ वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ज्या दिवशी भाजीचा भाव आणि मुख्य मथळा एका अंकात शेजारी आले, त्या दिवशी भाजी आणणाऱ्या बाईचा आणि राज्यकारभाराचा संबंध छापील कागदावर जुळला. स्थानिक वृत्तपत्राचे खरे सामर्थ्य हेच आहे: घरच्या प्रश्नातून माणसाला गावाच्या प्रश्नाकडे आणि गावाच्या प्रश्नातून देशाच्या प्रश्नाकडे नेणे.

१५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्र्यांनी मुंबईत 'मराठा' दैनिक सुरू केले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धुमाळीत. अत्रे नाटककार, चित्रपटकार, विडंबनकार आणि वक्ते. त्यांच्या पत्रात हे सगळे विभाग वेगळे राहिलेच नाहीत. मथळ्यात विनोद, अग्रलेखात सभेचा आवाज, व्यंगचित्रात राजकारण. हसायला आलेला वाचक मोर्चाला निघत असे. चाळीच्या तोंडाशी काळ्या फळ्यावर खडूने मथळे लिहिण्याची पद्धत गिरणगावात होती. त्यामुळे विकत न घेणाऱ्यापर्यंतही पत्र पोहोचे. १ मे १९६० रोजी राज्य झाले, त्याच्या श्रेयात त्या मिसळलेल्या पानांचाही वाटा आहे. अर्थात याचा दुसरा अर्थही होतो. बातमी कोठे संपली आणि हल्ला कोठे सुरू झाला, हे अशा पत्रात वाचकाला नेहमीच सांगता येत नाही. आपल्या बाजूचे पत्र असले म्हणजे आपण हे चालवून घेतो.

येथवर मजकूर मिसळला जात होता तो बहुधा एखाद्या मतासाठी, एखाद्या चळवळीसाठी. पुढच्या काळात तो गल्ल्यासाठी मिसळला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. संप बातमीतून हळूहळू उतरत गेला. पहिल्या पानावरून आत, आतून कोपऱ्यात. मग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा विकास करण्याची वाट उघडली आणि २००१ साली नियम बदलून ती मालकांसाठी अधिक रुंद केली. त्यानंतर परळ-लोअर परळ ही नावे वृत्तपत्रांत पुन्हा ठळक अक्षरांत दिसू लागली, पण ती घरबांधणीच्या पूर्ण पानी जाहिरातींत. कामगाराच्या थकलेल्या देण्याची बातमी एका रकान्यात आणि त्याच्याच गिरणीच्या जागेवरील मनोऱ्याचे रंगीत चित्र पुरवणीत. दोन्ही एकाच अंकात. पण एकातून दुसऱ्याकडे नेणारी 'पान अमुकवर' ही खूण कोणी छापली नाही.

हे मुंबईचे झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी काय घडले? एकेका पत्राच्या जिल्हानिहाय आवृत्त्या आणि पुरवण्या निघाल्या. खेड्यातल्या माणसाला आपल्या तालुक्याचे नाव छापून आलेले दिसले, आपल्या मुलाचे बक्षीस, आपल्या देवाची जत्रा दिसली. हा लाभ खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. पण त्याबरोबर एक भिंतही आली. एका जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या कामगारांचा पगार सहा महिने थकला, तर ती बातमी त्याच जिल्ह्याच्या पुरवणीत राहते. शेजारच्या जिल्ह्यातल्या कारखान्याच्या कामगाराला तिचा वास लागत नाही. दोघांचे दुखणे एक, दोघांचे पत्रही एक, पण पुरवण्या दोन. संघटना बांधणाऱ्या माणसाला हा तोटा रोज मोजावा लागतो.

आमच्या कामातला एक प्रसंग सांगतो. नावे मुद्दाम सांगत नाही. एका औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करताना एक कंत्राटी कामगार दगावला. स्थानिक पुरवणीत चार ओळी आल्या: 'एका कारखान्यात' अपघात, पोलिसांत नोंद. कारखान्याचे नाव नव्हते. त्याच आठवड्यात त्याच पुरवणीत कारखान्याच्या वर्धापनदिनाचे अर्धे पान आले आणि तेथे नाव, पत्ता, मालकांचे छायाचित्र, सगळे ठळक होते. बातमीदाराला मी विचारले, तर तो गरीब माणूस म्हणाला, "साहेब, बातमीही मीच देतो आणि जाहिरातही मीच आणतो."

या एका वाक्यात आजच्या पानांची सारी यंत्रणा आहे. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळ बातमीदारांना धड पगार नसतो. थोडेसे मानधन, आणि मिळवलेल्या जाहिरातीवर दलाली. पुढाऱ्याचा वाढदिवस, बँकेचा वर्धापनदिन, दिवाळी, निकाल, असे निमित्त पाहून शुभेच्छांच्या पुरवण्या काढायच्या आणि त्यांचे लक्ष्य त्याच माणसाने गाठायचे. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, पण त्याचे संरक्षण ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता त्याला होते. तालुक्याचा बातमीदार कागदोपत्री दुकानदार, शिक्षक किंवा विमा-प्रतिनिधी ठरवला की तो बाहेर. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. पण त्या दलालीवर जगणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत आल्या नाहीत. ज्याचे पोट जाहिरातदाराच्या हाती, त्याच्या बातमीचा कणा ताठ राहावा अशी अपेक्षा करणे सोपे आहे. मी त्याला दोष देणार नाही. हा नीतीचा प्रश्न होण्याआधी वेतनाचा प्रश्न आहे.

खालच्या बातमीदाराने नाइलाजाने केले ते वरच्यांनी धोरण म्हणून केले. २००३ साली देशातल्या एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाने पैसे घेऊन पुरवणीतला मजकूर देण्याची रीतसर सोय उभी केली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हे दुखणे उघड्यावर आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की एका उमेदवाराच्या स्तुतीचा तोच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी पत्रांत बातमी म्हणून छापून आला होता. 'जाहिरात' हा शब्द कोठेही नव्हता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली याचा सविस्तर अहवाल तयार केला. कौन्सिलने प्रथम त्याचे थोडक्यातले रूपच प्रसिद्ध केले. पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती अधिकाराच्या वाटेने लोकांपुढे आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर प्रदेशातील एका आमदाराला, अशा मजकुराचा खर्च दडवला म्हणून, निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. म्हणजे कायद्यालाही मान्य करावे लागले की बातमी आणि जाहिरात यांच्यामधली रेघ पुसणे हा मतदाराशी केलेला व्यवहारातला खोटेपणा आहे.

तेव्हा विभाग मिसळावेत की नाही? माझे म्हणणे, मिसळावेत. लोकहितवादींचे पत्र, हरिभाऊंची कादंबरी, परुळेकरांचा बाजारभाव, अत्र्यांचा विनोद, यांनी वाचकाला ज्या खोलीत तो कधी गेला नसता तेथे नेले. पण त्या सर्वांनी वाचकाला जे दिले ते आपल्या नावाने दिले, निदान पत्राच्या नावाने. हरिभाऊंनी कादंबरीला कादंबरीच म्हटले. पैसे देणारा पडद्याआड उभा नव्हता. मिसळण्याचा दोष नाही. मालावरची चिठ्ठी बदलण्याचा दोष आहे. शेंगदाण्याचे तेल म्हणून सरकीचे विकले तर आपण वजनमापाच्या साहेबाकडे धावतो. जाहिरात बातमी म्हणून विकली तर आपण ती घडी घालून ठेवतो.

आमच्या युनियनच्या कचेरीत नव्या मुलांना मी वृत्तपत्र वाचायला लावतो, तेव्हा प्रथम मजकूर वाचू देत नाही. आधी पान पाहा म्हणतो. हा मजकूर या जागी का आहे? शेजारी कोणाची जाहिरात आहे? ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांच्यापैकी कोणी त्यात बोलले आहे काय, की मालक, पोलीस आणि अधिकारी एवढेच बोलले? मोर्चाची बातमी आली तर ती मागणीची बातमी आहे की अडलेल्या रहदारीची? दहा दिवस असे पाहिले की अकराव्या दिवशी मुलगा स्वतःच हसू लागतो. मग तो मजकूर वाचायला मोकळा.

आणि वाचकाने एवढे करून थांबू नये. पत्राला पत्र लिहावे. वाचकांच्या पत्रव्यवहाराचा रकाना ही लोकहितवादींच्या काळापासूनची आपली हक्काची ओसरी आहे. ज्या मजकुरावर 'जाहिरात' शब्द नाही त्याविषयी संपादकाला विचारावे. आपल्या तालुक्याच्या बातमीदाराला वेतन मिळते काय, हेही विचारावे. तो आपलाच कामगार बंधू आहे. लोखंड्यांनी रविवार मिळवला तो कोणी दान म्हणून दिला नव्हता. पहिल्या पानावरची जागाही कोणी दान म्हणून देणार नाही. ती मागावी लागेल, आणि मागणारे संख्येने बरेच असावे लागतील.